चीज काढलं म्हणजे व्हीगन झालं नाही

पुण्यातल्या बऱ्याच कॅफेंमध्ये ‘व्हीगन नाचोज’ म्हणून जे गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात, ती उघड लबाडी आहे. नेहमीच्या डिशमधलं चीज काढायचं, कांदा-टोमॅटो भुरभुरायचा आणि पैसे मात्र पूर्ण घ्यायचे. कधी तर चिप्सनाच चीज पावडर फासलेली असते. विचारलं की उत्तर तयार, ‘सर, प्युअर व्हेज आहे.’ अहो, त्या हिरव्या ठिपक्यात दूध, लोणी, पनीर सगळं बसतं. व्हीगन पदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये वेगळे नियम केले. हॉटेल चालवणाऱ्याला एवढंही ठाऊक नसेल, तर त्याने तो शब्द मेन्यूत छापूच नये.

हे ठणकावून सांगतोय, कारण याच शहरातल्या एका लहानशा हॉटेलात मी अप्रतिम व्हीगन नाचोज खाल्ले. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर मुरवून, वाटून त्याच्या पोळ्या केलेल्या. मेक्सिकोत हजारो वर्षं हेच करतात. त्याने साल सुटते, पीठ चिकटून येतं आणि साध्या मक्याच्या पिठाला कधीच नसतो असा खमंग वास येतो. त्या पोळ्यांचे तळलेले त्रिकोण, वर ठेचून परतलेला काळा घेवडा, मुरवलेली हालापेन्यो मिरची आणि भिजवलेल्या काजूचं लिंबू-लसूण घातलेलं दाट वाटण. सगळं पसरट ताटात, एकाच थरात. ढीग नाही, त्यामुळे शेवटचा तुकडाही कुरकुरीत. मला चीजची आठवणही झाली नाही.

‘चीज नाही तर नाचोज कसले?’ म्हणून नाक मुरडणारे असतातच. १९४० च्या दशकात मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास गावी इग्नासिओ अनायाने पहिली डिश केली तेव्हा त्यात चीज होतं, हे खरं. पण मका, घेवडा, मिरची, टोमॅटो, अवोकाडो ही त्या भूमीची जुनी शिदोरी. गाय तिथे आली सोळाव्या शतकात, स्पॅनिशांबरोबर. आणि परंपरेचे हे कैवारी स्वतः खातात काय? १९७० च्या दशकात टेक्सासच्या स्टेडियममधून पसरलेला तो पिवळा पातळ सॉस! अनायाच्या ताटात तो नव्हता.

चुना इथे पानाच्या गादीवर मिळतो. काजू कोकणात पिकतो. मका मंडईत आहे. तरी जमत नसेल, तर मेन्यूतली ती ओळ आजच खोडा.