मोहोर अभंग तरच न्याय

११ जुलै २००६ची सायंकाळ मुंबईची उपनगरे विसरू शकत नाहीत. खार, जोगेश्वरी, बोरिवली... पश्चिम रेल्वेच्या सात लोकलगाड्यांत स्फोट झाले आणि कामावरून घरी परतणारे १८०हून अधिक प्रवासी प्राणास मुकले. या खटल्यात शिक्षा झालेल्या सर्व बारा जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरविले. राज्य शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. मात्र त्या निकालपत्रातील एक मुद्दा प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. जप्त केलेली स्फोटके प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत नीट मोहोरबंद व सुरक्षित ताब्यात होती, हे अभियोग पक्षाला सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने म्हटले.

स्फोटकांना लागू असलेला हा नियम रक्त, लाळ, केस, अस्थी या जैविक पुराव्यांना तर अधिकच कठोरपणे लागू होतो. हा पुरावा नाशवंत असतो. रक्ताने ओला झालेला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला की दमटपणाने त्यात जिवाणू वाढतात आणि डीएनए नष्ट होऊ लागतो. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा लागतो. हातमोजे न घालता लावलेला एक हात किंवा घटनास्थळी गोळा झालेली बघ्यांची गर्दी वैज्ञानिकाचे सारे श्रम व्यर्थ घालवू शकते.

याचा धडा उपनगराने २००२ सालीच घेतला असता! त्या वर्षी २८ सप्टेंबरच्या पहाटे वांद्र्यात पदपथावर झोपलेल्या गरिबांच्या अंगावर गाडी गेली. एकाचा मृत्यू झाला. अभिनेता सलमान खान याच्या रक्ताच्या नमुन्यात मद्यार्क आढळल्याचा अहवाल कालिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेने दिला. परंतु तो नमुना कसा घेतला, कसा ठेवला, कोणाच्या हातून गेला, याविषयी उच्च न्यायालयास शंका वाटली. अन्य पुरावेही अपुरे ठरले आणि डिसेंबर २०१५मध्ये आरोपी निर्दोष सुटला.

२०२४च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंते भरधाव गाडीखाली मरण पावले, तेव्हा तर रुग्णालयात रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याच्या डीएनए तपासणीमुळे संशयाला वाचा फुटली, हे ध्यानात ठेवले पाहिजे. विज्ञान प्रामाणिक असते. प्रश्न ते हाताळणाऱ्या हातांचा असतो.

आपल्याकडे विज्ञानाची वाण नाही. डीएनए ओळखीचे स्वदेशी तंत्र हैदराबादच्या डॉ. लालजी सिंह यांनी १९८०च्या दशकातच विकसित केले. कायद्याचीही उणीव आता राहिलेली नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुन्यांसाठी देशभर लागू होणारे निर्देश दिले. त्यानुसार नमुना शक्यतो ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा, तो कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंदवही असावी आणि खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीवाचून पाकीट उघडले जाऊ नये.

आता उणीव आहे ती अनुशासनाची. घाटकोपर वा मुलुंडच्या ठाण्यातील हवालदाराला प्रशिक्षण, मुद्देमालाच्या खोलीत शीतकपाट, प्रयोगशाळेत पुरेसे मनुष्यबळ या साध्या गोष्टी शासनाने प्राधान्याने पुरवाव्यात. चूक कोणाची, हे प्रत्येक निकालानंतर निश्चित व्हावे.

समाजाचेही कर्तव्य आहे. अपघात वा गुन्हा घडताच मदतीला धावणाऱ्यांत आपले कार्यकर्ते अग्रेसर असतात. जखमींना वाचविणे हे पहिले काम. त्यानंतर मात्र घटनास्थळाला कडे करावे, कोणासही आत जाऊ देऊ नये, रक्ताचे डाग धुऊ देऊ नयेत आणि पंच म्हणून स्वाक्षरी करण्यास कचरू नये. निरपराध्याची सुटका आणि अपराध्याला शासन, या दोन्ही गोष्टी त्याच लाखेच्या मोहोरेवर अवलंबून आहेत. ती अभंग राखणे हीदेखील राष्ट्रसेवाच आहे.