पिंपातून थेट... पण किती थेट?

बर्बन म्हणजे अमेरिकन व्हिस्की, इथवर आपली गाडी बरी चालते. पुढे ती 'गोड असते बुवा' या स्टेशनावर थांबते. पण हल्ली तिकडून येणाऱ्या मित्राला लोक नावानिशी बाटली सांगतात आणि त्या यादीत 'कास्क स्ट्रेंग्थ' आणि 'व्हीटेड' हे शब्द हमखास असतात. नाव भारदस्त, किंमत त्याहून भारदस्त. तेव्हा पाकीट उघडण्याआधी फंडा क्लिअर करून घेऊ.

बर्बनच्या धान्यात कायद्याने किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती मुरते आतून जाळलेल्या, नव्याकोऱ्या ओकच्या पिंपात. मक्याच्या जोडीला बहुतेकजण राय घालतात. (फोडणीतली राई नव्हे, हे एक धान्य.) राय आली की मिरीसारखा तिखटपणा आला. मोजके लोक रायऐवजी गहू घालतात. गहू स्वतः फारसा बोलत नाही, मक्याला आणि पिंपाला बोलू देतो. म्हणून व्हीटेड बर्बन मऊ लागते. या घराण्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे लुईव्हिलजवळची स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरी. ती १९३५ मध्ये उघडली, १९९२ मध्ये बंद पडली आणि तिच्या जुन्या बाटल्यांची दंतकथा झाली.

आता कास्क स्ट्रेंग्थ. एरवी बाटलीत भरताना पाणी घालून व्हिस्की ४०-४५ टक्क्यांवर आणतात, इथे ते पाणी घालत नाहीत. म्हणून लोक लेबलवरचा आकडा परीक्षेतल्या मार्कांसारखा वाचतात. जास्त आकडा, जास्त अस्सल! इथेच घोळ आहे. कारण पाणी त्याआधीही पडलेलं असतं, पिंपात भरताना. अमेरिकन कायदा म्हणतो, पिंपात जाताना १२५ प्रूफपेक्षा जास्त नको. (अमेरिकन प्रूफ म्हणजे टक्क्यांची दुप्पट, तेव्हा ६२.५ टक्के.) १९६२ पर्यंत ही मर्यादा ११० होती. ती वाढल्यावर कंपन्या खूश झाल्या, कारण दारू जितकी कडक भराल तितकी पिंपं कमी लागतात.

मेकर्स मार्क मात्र आजही ११० लाच भरते. त्यामुळे २०१४ मध्ये आलेली त्यांची कास्क स्ट्रेंग्थ १०८ ते ११४ प्रूफच्या आसपासच असते. आकड्यांच्या शर्यतीत शेवटची, पण बनवायला जास्त पिंपं खाणारी. याच कंपनीने २०१३ मध्ये साध्या बाटलीची ताकद ४५ वरून ४२ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं होतं. गिऱ्हाइकांनी असा काही गदारोळ केला, की आठवडाभरात निर्णय मागे! चव म्हणाल तर कॅरमेल, व्हॅनिला आणि बेकरीतल्या ताज्या पावाचा वास. फार खोल नाही, पण सलगी पटकन होते.

हेवन हिलची लार्सनी बॅरल प्रूफ २०२० मध्ये आली. पहिल्या वर्षीच्या तिन्ही बॅचेस १२२ ते १२४ प्रूफच्या. गहू इथे २० टक्के, मेकर्समध्ये १६. म्हणजे ही आणखी मऊ असायला हवी? अजिबात नाही. दालचिनी, भाजके दाणे आणि घशाखाली उतरताना चांगलाच जाळ. गव्हाच्या टक्क्यावरून चव ओळखायला जाऊ नका, हे सांगायला हिच्याइतका चांगला पुरावा नाही.

तिसरी विल्यम लारू वेलर. बफेलो ट्रेसवाले ती वर्षातून एकदाच काढतात, साधारण बारा वर्षं मुरवून. भरताना ११४ प्रूफ, पण २०२० ची बाटली निघाली १३४.५ ची! केंटकीच्या उन्हाळ्यात गोदामाच्या वरच्या मजल्यांवर अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडून जातं, म्हणून ताकद चढते. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत ती उतरते. ही दाट, काळ्या मनुकांसारखी, आणि चव बराच वेळ जिभेवर रेंगाळते. तिघींत श्रेष्ठ हीच, वादच नाही. पण मिळणार कुठे? पेनसिल्व्हेनियात सरकारी दुकानं तिची चक्क सोडत काढतात, आपल्याकडे म्हाडाच्या घरांची निघते तशी. बाहेर दलाल सांगतील तो भाव. त्या भावात मी तरी घेणार नाही. पहिलीच बाटली असेल तर मेकर्स घ्या, कडक पिण्याची सवय असेल तर लार्सनी. तिच्यावरचा कोडही वाचा: 'ए१२०' म्हणजे वर्षातली पहिली बॅच, जानेवारी २०२०.

आणि बॉस, एक हिशेब शुक्रवारच्या आधी. आपल्याकडची नेहमीची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते. ६२ टक्क्यांच्या बर्बनचा एक लार्ज, म्हणजे ६० मिली, हा आपल्या ८७ मिलीच्या बरोबरीचा. जवळजवळ तीन स्मॉल! राय असती तर जिभेने आधीच ओरडून सांगितलं असतं, गहू गपचूप आत सोडतो. तेव्हा ओतायची ती ३० मिलीच आणि त्यात दोन चहाचे चमचे पाणी. तेवढ्याने ती ४६-४७ टक्क्यांवर येते आणि वासही खुलतो. बर्फ घातला तर वास मिटतो, म्हणून तो नको. गाडीची चावी मात्र बाटली उघडायच्या आधीच दुसऱ्याच्या हातात द्या.