भीड सोडा, पिन देऊ नका

ओएलएक्सवर बाइक विकायला टाकली की असा एखादा फोन हमखास येतो: 'मी लष्करात आहे, बदली झालीय, गाडी न बघताच घेतो.' गणवेशातला फोटो, ओळखपत्र आणि मग क्यूआर कोड. 'स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.' दोस्तांनो, यूपीआयचा पिन पैसे देतानाच लागतो, घेताना कधीच नाही.

हे माहीत असलेलेही फसतात, कारण जवानावर शंका घ्यायची भीड वाटते. मुस्लिम तरुणाला तर जास्तच. कुणी देशभक्तीवर बोट ठेवलं तर? ठगाचं भांडवल हीच भीड आहे. सरळ म्हणा, 'दिवसा खांदेश्वर स्टेशनबाहेर या, गाडी बघा, मग बोलू.' खऱ्या गिऱ्हाइकाला याचा राग येणार नाही.

'नाव नंतर चढवतो, भाई' म्हणणाऱ्याचीही भीड नको. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत द्या. आरसीवर तुमचंच नाव राहिलं, तर अपघाताची भरपाई तुमच्या माथी येऊ शकते; सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात तसा निकाल दिला आहे.

आणि फसलातच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० लावा. तक्रार करणं हा आपला हक्क आहे.