पायताण आमचं, कायदा कुणाचा?



जून २०२५. इटलीतलं मिलान शहर. प्राडा नावाच्या बड्या कंपनीचा फॅशन शो. मॉडेल चालतायत आणि पायात हुबेहूब आपली कोल्हापुरी. नाव काय दिलं? चामड्याची सॅण्डल. कोल्हापूर नाही, अथणी नाही, आणि चांभार तर नाहीच नाही.

मग इथं एकच बोंब उठली. सगळ्यांची अस्मिता खडबडून जागी झाली. ज्यांच्या घरात चांभाराला अजून उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, तेसुद्धा छाती पिटून सांगू लागले, आमची कोल्हापुरी चोरली! वा रे वा! चप्पल तुमची, मग चांभार कुणाचा?

कंपनीनं नंतर कबूल केलं, प्रेरणा कोल्हापुरीचीच. तेवढ्यावर यांचा राग निवला. आपला निवता कामा नये. कारण आपलं भांडण नावासाठी नाही, हक्कासाठी आहे.

कायदा काय म्हणतो बघा. जी.आय. म्हणजे भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ चा. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जी.आय. मिळाला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे इकडचे चार जिल्हे. बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे तिकडचे चार. पण नोंदीत मालक कोण? दोन सरकारी महामंडळं. एक महाराष्ट्राचं, संत रोहिदासांच्या नावाचं. दुसरं कर्नाटकाचं, बाबू जगजीवनरामांच्या नावाचं. हिरड्यात, बाभळीच्या सालीत कातडं कमावणारा ढोर, रापी-आरी चालवणारा चांभार, वेणी घालणारी घरातली बाई, यांना त्या कायद्यात एकच दार आहे : अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःच्या नावाची नोंद. ती असेल तर कलम २१ खाली नकली मालवाल्याला तो स्वतः कोर्टात खेचू शकतो. नसेल तर आपल्याच चपलेला तो परका.

जुलै २०२५ मध्ये हे उघडं पडलं. प्राडाविरुद्ध काही वकिलांनी मुंबई हायकोर्टात जनहित याचिका टाकली. कोर्टानं फेटाळली. याचिका करणारे नोंदीतले मालक नव्हते. ज्यांची नोंद आहे त्यांनी यावं, हा त्याचा अर्थ.

आणि आले असते तरी काय? आपला जी.आय. देशाच्या वेशीपाशी संपतो. मिलानमध्ये हा कागद चालत नाही. जागतिक व्यापाराच्या ट्रिप्स करारात कलम २३ चं जादा संरक्षण आहे, पण ते फक्त वाइनला आणि कडक दारूला. फ्रान्सची शॅम्पेन, स्कॉटलंडची व्हिस्की, इटलीतल्या पार्मा गावचं डुकराचं मांस, या सगळ्यांची भारतात रीतसर जी.आय. नोंद आहे. त्यांचं डुक्कर इथं सुरक्षित. आमचं पायताण तिथं बेवारशी.

आता परदेशी भांडवलाला कायदा कसा जपतो तेही बघा. २०१२ मध्ये सरकारनं मागच्या तारखेपासून करकायदा बदलला. व्होडाफोन आणि केर्न या कंपन्यांनी दोन देशांमधल्या गुंतवणूक करारांवर बोट ठेवलं आणि भारत सरकारला आंतरराष्ट्रीय लवादापुढं उभं केलं. २०२० मध्ये दोघी जिंकल्या. केर्न तर पॅरिसमधल्या सरकारी मालमत्तेवर टाच आणायला निघाली. २०२१ मध्ये सरकारनं तो कर मागं घेतला आणि नंतर केर्नला सुमारे ७,९०० कोटी रुपये परत केले. कर बरोबर की चूक, तो वाद राहू द्या. कंपनीचं नुकसान झालं तर सरकारला खेचायला तिच्याकडं दार होतं, एवढं ध्यानात ठेवा.

२०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल कापायला बंदी आली. बैलाच्या कातड्यावर ज्याचं पोट, त्यानं कुठल्या लवादाकडं जायचं? जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उन्याला मेलेली गाय सोलली म्हणून आपल्या पोरांना कपडे काढून, गाडीला बांधून, गजांनी मारलं. मेलेलं जनावर सोलणं गुन्हा नव्हता. त्यांनी कुठला नियम मोडला होता, सांगा ना!

आपल्यातलेच काही म्हणतील, बाबासाहेबांनी १९२७ ला महाडात मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, आणि तुम्ही पुन्हा कातडं कवटाळता? बरोबर आहे. जातीनं लादलेलं काम सोडायचंच. चांभाराचं पोर वकील होवो, इंजिनीअर होवो. पण पिढ्यान् पिढ्या वास सोसला आपल्या माणसानं, आणि त्याच कातड्याला युरोचा भाव आला की त्यानं बाजूला व्हायचं? याला मुक्ती म्हणत नाहीत. बेदखली म्हणतात.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडानं त्या दोन महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड बनणार, भाव जोडाला ८०० युरोच्या आसपास, म्हणजे आपले सुमारे ८० हजार रुपये, असं छापून आलं. काम येतंय तर येऊ द्या. पण सही महामंडळांची. जोडामागं शिवणाऱ्याला किती? माल नापास झाला तर भुर्दंड कुणाला? पैसे किती दिवसांनी? २००६ च्या लघुउद्योग कायद्यात ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचं बंधन आहे. तेही ज्याची नोंद आहे त्यालाच लागू.

म्हणून, दोस्तहो, जयंतीची वर्गणी गोळा करता तसं वही घेऊन कोल्हापूरच्या सुभाषनगरात जा, निपाणीला जा, अथणीला जा. घराघरात विचारा, तुमच्या नावाची नोंद आहे का? फी ५०० रुपये होती, २०२० मध्ये १० वर आली. कटिंग चहाचा भाव. कचेरी चेन्नईत, कागद किचकट. मग आपण शिकलो कशाला? फॉर्म आपण भरू. बाईची नोंद बाईच्या नावानं करू. महामंडळाच्या दारात बसून कराराची प्रत मागू, नाही दिली तर माहितीच्या अधिकारात मागू.

आधी तो दहा रुपयांचा कागद घरात येऊ द्या. मिलानचं मग बघू.

जयभीम.