आईच्या कॅसेटमधली घरघर



फराळाचे डबे भरून झाले की आमच्याकडे दरवर्षी आईची कॅसेट लागते. १९९६ च्या दिवाळीत साताऱ्याच्या घरी बाबांनी तिच्या ओव्या टेप केल्या होत्या. आई जाऊन आता तीन वर्षं झाली. यंदा कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली, तर तिच्या आवाजामागे बारीक घरघर. नवरा म्हणाला, "टेपरेकॉर्डर बिघडला असेल. स्कोपवर बघू."

आम्ही राहतो ओरेगनमधल्या बीव्हर्टनला. ऑसिलोस्कोपसाठी नावाजलेल्या, १९४६ मध्ये सुरू झालेल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीचं हे गाव. आमच्याही गराजमध्ये एक डिजिटल स्कोप आहे.

ओवी संपवून आई क्षणभर थांबते, तेवढीच जागा आम्ही पकडली. पडद्यावर जाड, केसाळ रेघ आली. नवऱ्याने 'हाय-रेझ' मोड लावला आणि रेघ एकदम बारीक झाली.

"हे कसं रे?"

"स्कोप गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेगाने नमुने घेतो. एरवी जादाचे टाकून देतो. या मोडमध्ये शेजारशेजारच्या नमुन्यांची सरासरी काढून एक ठिपका मांडतो. खरखर कधी वर, कधी खाली. सरासरीत ती बरीचशी कटते."

आठ बिटांच्या स्कोपला उंची मोजायला २५६ च पायऱ्या असतात. चार नमुन्यांच्या सरासरीने साधारण एक बिट वाढतो, सोळांच्या सरासरीने दोन. 'ॲव्हरेज' मोडला तीच लहर पुन्हा पुन्हा यावी लागते. हाय-रेझला एकच खेप पुरते. जुनी कॅसेट सारखी वाजवायची नसते, म्हणून ते बरं.

पण मी पडले शिक्षिका. वर्गाची सरासरी छान दिसते आणि एखादं पोर त्यात हरवून जातं, हे मी पाहिलंय. तसं सांगितल्यावर नवरा हसला. "बरोबर! अगदी क्षणभराचा झटका हाय-रेझमध्ये पुसला जातो. तो 'पीक डिटेक्ट'मध्ये शोधायचा." तेही लावून पाहिलं. झटके नव्हते.

मग त्या बारीक रेघेवरची लहर मोजली. एका लहरीला २० मिलीसेकंद, म्हणजे सेकंदाला ५०. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. तिची लहर १६.७ मिलीसेकंदांत संपते. खात्रीसाठी टेपरेकॉर्डर सेलवर चालवला. तरी तेच!

घरघर इथली नव्हतीच. ती साताऱ्याच्या विजेची होती, आईच्या ओव्यांबरोबर टेप झालेली.

"फिल्टर लावून काढून टाकू?" नवऱ्याने हळूच विचारलं.

लेकीसाठी एक प्रत साफ केली, तिला आजीचे शब्द नीट कळावेत म्हणून. दुसरी जशीच्या तशी ठेवली. लक्ष्मीपूजनाला मी तीच लावणार आहे.

तुमच्याकडेही जुन्या कॅसेट असतील. साफ जरूर करा, पण आधी मूळ आवाजाची एक प्रत जपून ठेवा.

शुभ दीपावली!