चौकीची पायरी

दिवाळीच्या अंकात गर्दुल्ल्यांचा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. फराळाचे ताट पुढे आहे, पोरेबाळे जमली आहेत, अशा वेळी हे अमंगळ कोणी काढावे? त्यांचे म्हणणे मला समजते. मान्य मात्र नाही. कारण हा अंक ज्या घरांत वाचला जातो, त्याच घरांतून ही पोरे निघतात. व्यसन झोपडपट्टीत राहते आणि आपण सोसायटीत राहतो, ही समजूत आपण फार दिवस जपली. केंद्र सरकारने करवून घेतलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात अफू, हेरॉईन आणि त्याच जातीची औषधे घेणाऱ्या भारतीयांची संख्या २ कोटी २६ लाख निघाली. बेकायदा अमली पदार्थांच्या कह्यात गेलेल्या विसांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतो, असेही तीच पाहणी सांगते. उरलेले एकोणीस कोठे आहेत? ते घरात आहेत. माजघरात दडवून ठेवलेले आहेत.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत. पोलीसचौकीचे तर नावच नको! ही म्हण भाऊबंदकीच्या खटल्यांना ठीक होती. आज तीच म्हण पोरांचे प्राण घेते आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

कसे, ते पाहा. हेरॉईनची मात्रा जास्त झाली की माणूस चित्रपटात दाखवतात तसा तडफडून क्षणात मरत नाही. त्याला गुंगी येते, श्वास मंदावतो, घशात घरघर लागते, ओठ निळसर पडतात. बहुधा मध्ये वेळ असतो; कधी काही मिनिटांचा, कधी त्याहून पुष्कळ अधिक. नालोक्सोन नावाचे औषध वेळेवर टोचले, तर थांबत आलेला श्वास थोड्या मिनिटांत परत येतो. हे औषध अफूच्या जातीच्या विषावरच चालते. हल्ली ‘एमडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मेफेड्रोनवर त्याचा उपयोग नाही. पण तेथेही डॉक्टर लवकर गाठला तर पुष्कळ काही करता येते. म्हणजे वाचवण्याचे उपाय आहेत. नाही तो हाक मारणारा. बरोबरचे दोस्त पळून गेलेले असतात. पोरगा मेला तर मरो, पण पंचनाम्यात आपले नाव नको! आई-बाप दार लावून घेतात आणि दुसऱ्या दिवशी आळीत सांगतात, ‘हृदयविकाराने गेला.’ झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या मुठीत पोराचा जीव असतो, त्याचे काय?

‘चांगला चोपा, आत टाका, सुटेल व्यसन!’ असे ठणकावून सांगणारे गृहस्थ प्रत्येक कट्ट्यावर भेटतात. या शूर मंडळींना एक साधी गोष्ट ठाऊक नसते. काही आठवडे हेरॉईन बंद राहिले की शरीराची ते पचवण्याची सवय मोडते. मनाची ओढ मात्र तशीच राहते. तुरुंगातून सुटलेला माणूस जुन्या अड्ड्यावर जुनीच मात्रा घेतो, आणि ती मात्रा आता त्याला पेलत नाही. म्हणूनच सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे त्याच्या आयुष्यातले सर्वांत घातक असतात. नुसती कोठडी व्यसन सोडवत नाही. ती मरणाची तारीख तेवढी पुढे ढकलते.

बरे, कायदा तरी चोपायला सांगतो काय? मुळीच नाही. १९८५ सालचा अमली पदार्थांचा कायदा कडक म्हणून प्रसिद्ध आहे आणि विक्रेत्याला तो कडक आहे हे योग्यच आहे. पण त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल, तर त्या आरोपाखाली त्याच्यावर खटला चालू नये, असे ते सांगते. उपचार अर्धवट सोडला तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते. कलम ३९ प्रमाणे दोषी ठरलेल्या व्यसनी माणसालाही त्याच्या संमतीने कोर्ट उपचाराला पाठवू शकते. म्हणजे कायदेमंडळाने दार केव्हाच किलकिले केले आहे. मग त्या दारातून कोणी जात का नाही? कारण चौकीतला हवालदार ते सांगत नाही आणि आळीतल्या वडीलधाऱ्यांना ते माहीत नसते. कलम पुस्तकात सुखाने झोपले आहे!

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ग्लॉस्टर नावाचे कोळ्यांचे जुने बंदर आहे. तेथे हेरॉईनने माणसे मरू लागली, तेव्हा २०१५ सालच्या जूनपासून पोलिसांनीच गावाला वचन दिले : उरलेली पावडर आणि सुया घेऊन चौकीत या, अटक होणार नाही, उपचाराची जागा आम्ही शोधून देऊ. जागा मिळेपर्यंत गावातला एखादा स्वयंसेवक त्या माणसाजवळ बसे. पहिल्या वर्षात ३७६ माणसे ४२९ वेळा ती पायरी चढली. पुढे शेकडो पोलीसखात्यांनी ही वाट धरली. याने अमेरिकेचा प्रश्न सुटला असे मी म्हणत नाही. २०२३ या एका वर्षात तेथे अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसे गेली. पण बेड्यांची भीती काढली की माणूस आपल्या पायांनी येतो, एवढे त्या बंदराने दाखवून दिले.

‘ते अमेरिकेत! आपले पोलीस आणि आपले लोक असे वागतील होय?’ हा आक्षेप मला ऐकू येतो. मग भिवंडीचे काय? १९७० आणि १९८४ साली दंगलीत होरपळलेले ते गाव. १९८८ साली तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू, मुसलमान, यंत्रमागवाले, दुकानदार आणि पोलीस नेमाने एकत्र बसू लागले. १९९२-९३ साली शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पोलीस तेच, माणसे तीच, गल्ल्याही त्याच. बदलली ती ओळख. ज्या फौजदाराला आपण नावाने ओळखतो, त्याच्याकडे रात्री दोन वाजताही जाता येते. दंगलीसाठी जे जमले, ते पोरांच्या प्राणांसाठी का जमू नये?

आज पोलीस आणि जनता यांचे सहकार्य म्हणजे काय असते? व्यसनमुक्तीची फेरी, पुढे फलक, मागे शाळकरी मुले, सरतेशेवटी शपथ आणि छायाचित्र. फेरीत चालणारी पोरे व्यसनी नसतात आणि व्यसनी पोरे फेरीत येत नाहीत. हे सहकार्य नव्हे, मिरवणूक आहे.

मला हवे आहे ते थोडे आणि रोकडे आहे. प्रत्येक चौकीच्या भिंतीवर ६४-अचा अर्थ सोप्या मराठीत लिहिलेला असावा. रस्त्यावरच्या अपघातात जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण मिळाले. बेशुद्ध पडलेल्या दोस्तासाठी रुग्णवाहिका बोलावणाऱ्या पोरालाही तसेच संरक्षण कायद्याने स्पष्ट शब्दांत द्यावे. मॅसॅच्युसेट्सने ते २०१२ सालीच दिले आहे. जेथे हेरॉईनचे अड्डे आहेत, तेथील गस्तीच्या गाडीत नालोक्सोन असावे आणि ते वापरण्याचे शिक्षण पोलिसांना मिळावे. विक्रेत्याला दयामाया नको. २०२४ साली पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन पकडले. तसे छापे आणखी पडोत! पण कारखानदार आणि गिऱ्हाईक यांना एकाच काठीने हाकणे हा न्याय नव्हे, आळस आहे.

आता आपल्याकडे वळतो, कारण सगळे पोलिसांच्या माथी मारून मोकळे होणे फार सोपे आहे. उपचार घेऊन परतलेल्या पोराला घर भाड्याने कोण देतो? नोकरी कोण देतो? वर सांगितलेला तो घातक काळ उपचारानंतरही येतोच, आणि त्या काळात पोलीस नव्हे, शेजारी उपयोगी पडतो. महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या बायकांनी मतदान करून दारूची बाटली आडवी केली आहे. आडव्या पडलेल्या माणसाला उभे करायला मात्र आम्हां सुशिक्षितांचे हात पुढे येत नाहीत. असे हात पूर्वी पुढे आलेले आहेत. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे नुसते हळहळले नाहीत, त्यांनी पैसे काढून दिले. त्यातून १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या हातून मुक्तांगण उभे राहिले. वाचकाने वाचून काय करायचे असते, याचे इतके चांगले उत्तर दुसरे मला माहीत नाही.

प्रत्येकाने संस्था काढावी असे माझे म्हणणे नाही. गणेशोत्सवापूर्वी मंडळाचे कार्यकर्ते आणि फौजदारसाहेब एका टेबलाशी बसतातच. त्या बैठकीत मंडप आणि ध्वनिक्षेपक यांच्या जोडीला हा एक विषय निघू द्या. आणि दिवाळीनंतर तुमच्या सोसायटीची सभा भरेल, तेव्हा गाड्या लावण्याच्या भांडणाआधी एवढेच विचारा : आपल्यापैकी कोणाच्या घरी असा पोरगा असेल, तर त्याच्या आईबरोबर चौकीची पायरी चढायला कोण कोण तयार आहे?