धुलाईचा दर आणि भाजीची जुडी

भाजी महाग झाली की आपण लगेच बोलतो. ती कोणत्या पाण्यावर पिकली, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्ही कापड धंद्यातले. हा प्रश्न आधी आम्हालाच लागू पडतो.

अंबरनाथजवळ उगम पावणारी वालधुनी उल्हासनगरातून वाहत कल्याणकडे जाते. वाटेत कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी तिला मिळते. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरात तिच्यात टँकरने रसायन सोडले गेले. वायू पसरून शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. बदलापूरकडून येणाऱ्या उल्हास नदीचे पाणी तर लाखो लोक पितात. 2015 मध्ये ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने या दोन्ही नद्यांच्या प्रदूषणाबद्दल स्थानिक पालिकांना व सांडपाणी केंद्रांना दंड ठोठावला. पुढे उल्हासनगरातील जीन्स धुलाईच्या अनेक कारखान्यांना टाळे लागले. कित्येक कारागिरांची रोजी गेली, याचे दुःख आम्हालाही आहे.

पण दुसरी बाजूही पाहावी. रेल्वे रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर पालक, माठ, मेथी पिकते आणि तीच आपल्या घरी येते. शेतातल्या फवारणीला निदान नियम आहेत. फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करावी, हे औषधासोबत छापलेले असते. मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर मारण्यास 2005 पासून मनाई आहे. नियम मोडले जातात, ही गोष्ट वेगळी. फवारणीचा काही अंश धुण्याने निघतो. दूषित पाण्यातून मुळांवाटे पानांत शिरलेले शिसे किंवा कॅडमियम कितीही धुतले तरी निघत नाही.

आम्हीही अनेक वर्षे कमी दर पाहूनच माल धुलाईला दिला. पाणी कुठे जाते, हे कधी विचारले नाही. जो दर पाणी साफ करण्याचा खर्च धरत नाही, तो स्वस्त नसतो. तो खर्च भाजी खाणाऱ्याच्या माथी बसतो. आणि खाणाऱ्यांत आपलीच मुले असतात.

म्हणून व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे. माल देण्यापूर्वी प्रदूषण मंडळाची परवानगी पाहा, पाणी कुठे सोडतात ते विचारा, आणि साफ काम करणाऱ्याला नगामागे थोडे जास्त द्या. लहान कारखानदाराला एकट्याने यंत्रणा झेपत नाही, तेव्हा दहाजणांनी मिळून ती उभारावी. टाळे लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा हा खर्च आज परवडेल.